डोंगरगडच्या वाटेवर सोडलेला दावा

माझ्या बाजूच्या खाटेवरची बाई गेली, त्या सकाळी मी शुद्धीत होते. मान वळवता येत नव्हती, बोलता येत नव्हतं, श्वासाचं काम यंत्र करत होतं. कान मात्र उघडे होते. पडदा ओढल्याचा आवाज आला, नर्सच्या चपलांची धावपळ झाली आणि मग एकदम सगळं शांत झालं. आम्हा दोघींना एकच आजार होता, जीबीएस. आधी पायाच्या बोटांना मुंग्या येतात, मग बधिरपणा हळूहळू वर चढत जातो आणि माणूस आहे तिथे आडवा होतो. दोघींना औषध एकच चाललं होतं, डॉक्टरही एकच होते. ती माझ्याहून बरीच लहान होती. तिची आई काचेच्या दाराबाहेर बसून दिवसभर जप करायची, असं माझ्या यजमानांनी मला पुढे सांगितलं. ती गेली आणि मी वाचले.

घरी आले तेव्हा मी चाकाच्या खुर्चीत होते. सेक्टर दहामधलं आमचं क्वार्टर बायकांनी भरून गेलं. कोणी नारळ आणला, कोणी अंगारा लावला. सगळ्यांचं म्हणणं एकच, देवीनं वाचवलं. माझंही तेच म्हणणं होतं. आमचं मूळ भंडाऱ्याकडचं. सासरे इकडे छत्तीसगडात पोलाद कारखान्यात कामगार म्हणून आले आणि इथलेच झाले. सासूबाईंनी गावाकडच्या देवांसोबत डोंगरगडच्या बमलाई देवीचा फोटो देव्हाऱ्यात ठेवला, आणि लग्न होऊन आल्यापासून मी तिच्यासमोर दिवा लावत आले. दवाखान्यात मानेपर्यंतचं शरीर दगड झालेलं असताना मी मनातल्या मनात तिलाच हाका मारत होते. मग पाय परत आले ते तिच्यामुळेच, यात मला शंका नव्हती.

शंका होती ती यजमानांना. शंका म्हणणंही बरोबर नाही, त्यांची आपली एक ठाम रीत होती. ते कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला इंजिनिअर. भट्टीचं तापमान अंदाजानं सांगणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास बसत नाही, मीटरवर दाखव म्हणतात. देवाच्या बाबतीतही तेच. आमच्याकडे रविवारी चार मंडळी जमली की वाद हटकून तिथे यायचा. कोणी म्हणायचं, देव नाही हे तुम्ही सिद्ध करा. हे हसून म्हणायचे, "मी कावून करू? उद्या मी म्हटलं का या क्वार्टरच्या खाली नदी वाहून राहिली, तर खड्डा कोण खोदेल? तुम्ही का मी? जो म्हणते, त्यानं खोदाव." मी चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "मी कुठं तुमाले खोदा म्हणते? मी आपली हात जोडते." त्यावर सगळे हसायचे. इतक्या वर्षांत आमचं त्यावरून कधी भांडण झालं नाही. माझ्या नवरात्राच्या उपवासाचा साबुदाणा हे स्वतः दुर्गच्या बाजारातून आणायचे.

भांडण झालं ते आजारपणानंतर. मी भिंत धरून चालायला लागले होते. बायका गेल्यावर मी यांना म्हटलं, "आता तरी माना. मी तुमच्यासमोर उभी आहो, हाच पुरावा आहे." यांनी चष्मा काढून ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "बाजूच्या खाटेवरची पोरगी गेली, तिची माय बाहेर बसून रोज जप करून राहिली होती. मी पाह्यलं आहे. तिच्याकडे तुह्या देवीनं कावून नाही पाह्यलं?"

मी रागावले. पुष्कळ बोलले. पण तो राग उत्तर नसल्याचा होता, हे मला बोलतानाच कळत होतं. त्या दिवसापासून दिवा लावताना हात थांबायचा. फोटोतल्या डोळ्यांकडे बघितलं की काचेच्या दाराबाहेरची ती आई दिसायची, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

त्या अवस्थेत माणसानं काय करावं? मी हट्ट धरला. ठरवलं, पायांनी चालत डोंगरगडला जायचं आणि डोंगरावरच्या देवळापर्यंत चढायचं. जे पाय परत येतील की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं, त्या पायांनी. मग बघू म्हटलं कोण काय बोलतं. यजमानांना सांगितलं, "मी चालून दाखवते."

ते म्हणाले, "चाललीस तर तुह्ये पाय चांगले झाले हे सिद्ध होईल. बस, तेवढंच. देवी सिद्ध नाही होत त्याच्यानं."

"होते."

"बरं," ते म्हणाले. "पण आधी चालता तर आलं पाह्यजे."

आणि मी चालायला लागले. सुरुवातीला अंगणातल्या पेरूच्या झाडापर्यंत. मग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत, मग मैदानाला फेरी. पाय लटपटायचे, मांडीत गोळे यायचे, उतारावर गुडघा दगा द्यायचा. दोनदा पडले. फिजिओथेरपीचा व्यायाम एक दिवसही चुकवला नाही. मुलगी पुण्याहून फोनवर ओरडायची, "आई, तू पागल झाली काय? इतना रिस्क कौन लेता है?" मी म्हणायची, मी घेते. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सावकाश, थांबत थांबत, आणि पायात बधिरपणा आला तर एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. ते मी कबूल केलं. असा दीड पावसाळा गेला आणि क्वार म्हणजे आश्विन महिन्याचं नवरात्र आलं. यजमानांनी सुट्टी टाकली. स्कूटरला पाण्याची कॅन आणि औषधांची पिशवी बांधली. म्हणाले, "मी मागून येतो. तुह्या देवीसाठी नाही, तुह्या पायासाठी."

ज्यांनी नवरात्रात आमचा हा रस्ता पाहिला आहे त्यांना सांगायला नको. दुर्ग सोडलं, शिवनाथचा पूल ओलांडला की माणसांची रांगच लागते. कपाळाला लाल पट्टी बांधलेली तरुण पोरं, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या खेड्यातल्या बाया, कडेवर लेकरं, मांदर ढोलाच्या तालावर देवीचं जसगीत म्हणणारी टोळकी. जागोजागी मंडप घातलेले. कोणी चहा देतं, कोणी पोहे, कोणी पाय चेपून देतं, आणि सगळे 'जय माता दी' म्हणत आग्रह करतात. मी पहाटे आणि दुपार कलल्यावर चालायची, उन्हाच्या वेळी मंडपात पडून राहायची. यजमान स्कूटर पुढे नेऊन सावलीत थांबायचे. मी पोचले की पाणी द्यायचे, पाय बघायचे, आणि पुन्हा पुढे. वादाचा शब्द त्यांनी काढला नाही. मी मात्र मनात वादच घालत होते. प्रत्येक टप्पा झाला की वाटायचं, हा एक मुद्दा माझ्या बाजूनं. जसगीत कानावर पडत होतं, पण आत शिरत नव्हतं.

राजनांदगाव ओलांडून पुढे हायवे सुटला आणि डोंगरगडचा रस्ता लागला. त्या सकाळी डावा घोटा सुजला होता. यजमानांनी मंडपातच क्रेप बँडेज बांधून दिलं, उजव्यालाही आधाराला बांधलं. मग ते पेट्रोल भरायला पुढच्या गावी गेले. मी धानाच्या शेतांमधून चालत होते. धान ओंबीला आलं होतं. आणि एकदम जाणवलं, की डाव्या पायाची बोटं मला कळत नाहीत. थोड्या वेळानं उजव्याचीही.

तो क्षण कसा सांगू? पहिल्या वेळी असंच सुरू झालं होतं. तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि पायाखालची फरशी कापसासारखी वाटली होती. आताही रस्ता तसाच वाटला. मी कडेला एका दगडावर बसले. फोन लावला, तर रेंज नव्हती. लोक 'जय माता दी' म्हणत पुढून जात होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. लाज वाटते सांगायला, पण मरणाच्या भीतीच्याही आधी मनात आलं ते हे, की आता मी हरले. आता हे म्हणतील, पाह्य, कुठं आहे तुही देवी? जिवावर बेतलेलं असताना माझं मन रविवारच्या बैठकीत उत्तर शोधत होतं.

तेवढ्यात एक बाई माझ्यासमोर येऊन खाली बसली. माझ्याच वयाची असेल. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात काही नाही, काखेला कापडी पिशवी. "का होगे बहिनी? गोड़ पिरावत हे का?" तिनं विचारलं. पाय दुखतात का, असं ती छत्तीसगढीत विचारत होती. मी फक्त मान हलवली. तिनं आणखी काही विचारलं नाही. माझा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला, बूट काढला आणि बँडेज सोडवायला लागली. मी म्हटलं, राहू द्या, डॉक्टरकडे जायचं आहे. तिनं ऐकलंच नाही. तेल लावायचं तर पट्टी काढायलाच हवी, इतकंच तिच्या डोक्यात असावं. दोन्ही पाय मोकळे केले, पिशवीतून बाटली काढली आणि चोळत बसली, आपल्या लेकीचे पाय चोळावेत तशी. सरसोच्या तेलाचा वास आला. चोळता चोळता ती हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती.

काही वेळानं बोटांना झिणझिण्या आल्या. मग चटका बसल्यासारखी कळ आली. मग घोटा असा ठणकला की मी ओरडले. आणि रडायला लागले. दुखण्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

ती हसली. मी डोळे पुसून तिला विचारलं, काही नवस आहे का, कशासाठी चालता? ती म्हणाली नवस नाही, दर वर्षी येते. आधी मुलासोबत यायची. मुलगा गेल्या वर्षी गेला, ट्रॅक्टर उलटला. हे तिनं रस्ता सांगावा तितक्या साधेपणानं सांगितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "फिर भी आती हो?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारते हे तिला नीट कळलं नसावं. म्हणाली, "बेटा गे हे, दाई तो नइ गे हे." मुलगा गेला, देवीआई तर गेली नाही. आणि पुन्हा पायाला तेल लावायला लागली.

माझ्या आतला सगळा आवाजच थांबला. मी वाचले म्हणून देवी आहे, असं मी वर्षभर सांगत फिरत होते. मग ही बाई काय सांगेल? दवाखान्यात काचेच्या दाराबाहेर बसलेली आई काय सांगेल? माझे पाय जर देवीचा पुरावा असतील, तर त्यांची लेकरं गेली ती कशाचा पुरावा होतील? यजमान चुकीचं विचारत नव्हते. मीच देवीला आरोपीसारखं उभं करून तिच्या बाजूनं साक्षी गोळा करत होते. ज्या बाईचं सगळं गेलं होतं तिला असल्या साक्षीची गरज नव्हती, आणि जिला सगळं मिळालं होतं ती मी, त्याच्यावर दावा लढवत बसले होते. बाजूच्या खाटेवरची ती का गेली याचं उत्तर मला त्या रस्त्यावर मिळालं नाही. आजही नाही. पण उत्तर नसताना हात जोडता येतात, हे मी त्या मांडीवर पाय ठेवून पाहिलं.

स्कूटर आली. यजमानांनी मला अनवाणी बसलेलं लांबूनच पाहिलं असावं. स्कूटर तशीच आडवी टाकून धावत आले. "काय झालं? बधिर झाले का?" मी सांगितलं. त्यांनी स्कूटर उचलली. मला मंडपापर्यंत नेऊन तिथल्या माणसाच्या फोनवरून डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी टाचांवर उभं राहायला सांगितलं, खाली बसून उठायला सांगितलं, श्वास कसा आहे विचारलं. सगळं जमलं. ते म्हणाले, पट्टी घट्ट झाली असावी, संध्याकाळपर्यंत आराम करा, बधिरपणा पुन्हा आला किंवा वर चढला तर लगेच गाडीनं परत या. या गडबडीत ती बाई कधी पुढे निघून गेली ते कळलंच नाही. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

यजमान माझ्या पायाशी बसले. पट्टीचे वळ अजून दिसत होते. त्यावर बोट फिरवत म्हणाले, "मीच आवळली. ढिली राह्यली तर पाय मुरगळेल म्हणून भेव वाटलं."

"मले माहीत आहे."

"परत जाऊ. तू हरली असं मी कधीच नाही म्हणणार."

"मले जिंकायचंच नाही आता."

"मग कायले चालून राहिली?"

"जायचं आहे म्हणून," मी म्हटलं. "तुमाले काही दाखवायले नाही. तुमचा प्रश्न बरोबर होता. माह्यापाशी उत्तर नाही. तरी मले जायचं आहे."

संध्याकाळपर्यंत त्यांनी कितीतरी वेळा माझी बोटं दाबून विचारलं, कळते का, आणि मी म्हटलं, कळते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले तर हे माझ्या बाजूला पायी. मी विचारलं, "स्कूटर?" म्हणाले, "मंडपवाल्याजवळ ठेवली. पुढं जाऊन वाट पाहणं होत नाही आता माह्याच्यानं." बँडेज या वेळी मी बांधलं नाही. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालले. जसगीत म्हणणारी एक टोळी आमच्या मागे होती, आणि मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

डोंगर दिसला तेव्हा ऊन चढलं होतं. पायऱ्यांवर माणसंच माणसं होती. वर चढायचं म्हणूनच मी घरून निघाले होते. पहिल्या पायरीशी उभी राहिले आणि गुडघ्यांनी स्पष्ट सांगितलं, एवढंच. यजमान म्हणाले, "रोपवेची लाइन मोठी आहे, पण लागतो मी." मी नको म्हटलं. पायथ्याशी देवीचं धाकटं देऊळ आहे. आई तीच. वर चढायचा जो माझा हट्ट होता, तोही मी तिथेच ठेवला, आणि ठेवताना वाईट वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे. ज्या निश्चयानं मी पेरूच्या झाडापासून इथवर आले होते, त्याच निश्चयानं म्हटलं, आई, तू बोलावशील तिथपर्यंत.

गाभाऱ्यासमोर क्षणभरच उभं राहायला मिळालं. मागून ढकलाढकली होती. काय काय मागायचं ते वाटेत कितीदा ठरवलं होतं. ओठांवर आलं फक्त, "आले." बाहेर यजमान आमच्या पिशव्या सांभाळत उभे होते. त्यांनी दर्शन घेतलं नाही, मी घ्या म्हटलं नाही. एका पुजाऱ्यानं त्यांना विचारलं, "आप नहीं जाएँगे?" ते म्हणाले, "मेरी घरवाली होकर आई है न." मी दिलेला खोबऱ्याचा तुकडा त्यांनी खाल्ला. विचारलं, "काय मागितलं?"

"मागायचं राहूनच गेलं."

"इतकं चालून?" ते म्हणाले, आणि हसले. मीही हसले. तिथल्या गर्दीत, धुळीत, उन्हात आम्ही दोघं बराच वेळ हसत उभे होतो.

कोजागरीला सेक्टरमधली मराठी मंडळी आमच्या अंगणात जमली. दूध आटत होतं. एका जुन्या स्नेह्यांनी यजमानांना छेडलंच, "साहेब, वहिनी चालत जाऊन आल्या. आता तर मानाल ना? झाली ना सिद्ध देवी?" सगळे यांच्याकडे बघायला लागले. मीच आधी बोलले. म्हटलं, "सिद्ध काही झालं नाही भाऊ. पट्टी घट्ट झाली होती, एका बाईनं सोडली. माझा आजार डॉक्टरांनी बरा केला, यांनी माझी सेवा केली. यातलं काहीच मी यांच्याकडून काढून देवीच्या नावावर करत नाही. ती बाई त्याच वेळी तिथे का आली, ते मला माहीत नाही, आणि यांनाही ते सांगायची सक्ती नाही. यांनी मानावं असं माझं म्हणणंच नाही. मी तिच्याकडे जाऊन आले, एवढंच मी सांगू शकते."

यजमान पातेल्यात डाव फिरवत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "थे मी पाह्यलं आहे."

आणि पहिला पेला त्यांनी माझ्या हातात दिला.